पालखीचे आठ खांदे

मिरच्या वाळत पडल्या की माझी बोटं आपोआप मोजायला लागतात. आज सकाळी फ्लोरीनं गॅलरीत चटई टाकली, वर जुनी चादर अंथरली आणि काश्मिरी, बेडगी असे दोन ढीग पसरले. मग तोंडाला ओला पंचा बांधून ती देठं खुडायला बसली. गिरगावातल्या आमच्या गल्लीत मार्च महिना असाच येतो. खालच्या जोशीकाकू शिंकतात, वरून कुणीतरी खिडकी आपटून बंद करतं आणि फ्लोरी पंच्याआडून म्हणते, "दरवर्षीचंच आहे, एवढं काय त्यात." आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांच्या घरात वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो आणि आमचा उपासाचा काळही याच दिवसांत येतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस लागला की तिथून गुड फ्रायडेपर्यंत दर शुक्रवारी संध्याकाळी देवळात (आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) क्रूसाची वाट चालायची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा चित्रांपुढून प्रार्थना म्हणत जायचं, आणि घरी येऊन वरणभात खायचा. इतरांना या वासानं उन्हाळ्याची सुट्टी आठवत असेल. मला आकडा आठवतो. आठ.

फ्लोरीला हे ठाऊक आहे. मघाशी देठ खुडता खुडता तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "लागलास परत मोजायला?" मी नाही म्हटलं. उपासात खोटं बोलू नये, पण नवराबायकोतलं कुणी धरत नाही.

आमचं बंधुमंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. देवळातले काही बाप्ये एकत्र येतात. कुणी आजारी पडला तर त्याच्या घरी जातात, कुणी गेला तर त्याला खांदा देतात आणि गुड फ्रायडेच्या संध्याकाळी मृत येशूची मूर्ती ठेवलेली लाकडी पालखी गल्ल्यांमधून फिरवतात. अंगात पांढरा झगा, खांद्यावर लाल केप. पालखी जुन्या सागाची आहे. दोन दांडे, दर दांड्याला चार माणसं. सात असले तर चालत नाही, आणि नववा माझ्या कारकिर्दीत कधी जमलाच नाही. वीस वर्षं मी या मंडळाचा चिटणीस आहे, त्यामुळे कारकीर्द म्हणायचा मला हक्क आहे.

आठ म्हणजे कुठलेही आठ नव्हेत. फादर झगे चढवतात त्या मागच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. नवा माणूस आला की त्याला चपला काढून चौकटीला पाठ लावून उभं करायचं, खांद्याच्या हाडावर पट्टी ठेवायची, रेघ मारायची आणि बाजूला नाव लिहायचं. ज्याची रेघ ज्याच्या रेघेला मिळेल तो त्याचा जोडीदार. पालखीखाली दोघं एकाच ओळीत, एक डाव्या दांड्याला, दुसरा उजव्या. उंची जुळली नाही तर पालखी कलते आणि सगळं ओझं बुटक्याच्या अंगावर येतं, म्हणून हा खटाटोप. पण जोडीदार म्हणजे नुसतं पालखीपुरतं नाही. घरात काही झालं की पहिला निरोप जोडीदाराला जातो. मुलीचं लग्न ठरलं तर आधी त्याला सांगतात, मग भावाला. माझी आई गेली तेव्हा मला रडू फुटलं नव्हतं. जोडीदार जिन्यात दिसला आणि फुटलं.

तो डॉमनिक. आम्ही डोमू म्हणतो. लालबागचा, बाप गिरणीतला, स्वतः छापखान्यात जन्म घालवलेला. आमच्या रेघा एकमेकींवर अशा नेमक्या पडल्या होत्या की दोन नावं लिहायला जागा पुरेना, शेवटी त्याचं नाव चौकटीच्या आतल्या बाजूला लिहावं लागलं. बत्तीस वर्षं आम्ही पुढच्या ओळीला होतो. तो कमी बोलायचा, मी जास्त. तोंडाला पट्टी लाव म्हणायचा हक्क फ्लोरीनंतर त्यालाच होता.

आता ज्या उपासाबद्दल सांगायचंय त्याला चार वर्षं झाली. पण त्याच्याही आदल्या वर्षीचं एक आधी सांगून टाकतो, नाहीतर मी स्वतःला वाचवतोय असं वाटेल. आमच्यातले अँटन अंकल पडले आणि त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, पालखीखालची त्यांची जागा दुसऱ्यानं घेतली. तरी ते झगा घालून शुक्रवारच्या बैठकीला यायचे, पुढच्या खुर्चीत बसायचे आणि पालखी कशी धरावी ते सगळ्यांना शिकवायचे. मला राग आला. रागाचं कारण आता आठवतही नाही, उकाडा असेल. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "अंकल, मंडळ म्हणजे खांदा. खांदा देता येत नसेल त्यानं घरी बसून माळ जपावी."  अँटन अंकलनी केप काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि काठी टेकत गेले. मला वाटलं, चला, शिस्त लागली. डोमू माझ्या शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, आणि तो एरवीही बोलायचा नाही म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

त्या नाताळानंतर आमच्यातला एक जण मुलाकडे कॅनडाला कायमचा गेला आणि उचलणारे राहिले सात. पूर्वी अशी वेळ आली नसती. परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा माणसं पाळीवरून थेट यायची आणि मंडळात घ्या म्हणून चिठ्ठ्या आणायची, असं माझे वडील सांगायचे. तेही चिटणीस होते. आता गल्लीतली अर्धी घरं वसई-भाईंदरला गेलीत आणि उरलेल्या घरांतली मुलं अमेरिकेच्या घड्याळावर झोपतात आणि उठतात.

राखेच्या बुधवारी कपाळ पुसायच्या आत फादरांनी मला बाजूला घेतलं. फादर तरुण, बोलणं मऊ. "विन्सेंट अंकल, आठ जमले नाहीत तर यंदा मूर्ती गाडीवर ठेवू. सणाला पुतळा नेतो ना, ती चाकांची."

"फादर, पालखीला कधी चाकं लागली नाहीत."

"कळतं मला. मग यूथ ग्रुपच्या मुलांना सांगू का? उचलतील ती हसत."

"ती मंडळाची नाहीत. मोजलेली नाहीत."

"मग त्यांना मंडळात घ्या," फादर म्हणाले आणि दुसऱ्या माणसाच्या कपाळाला राख लावायला गेले.

माझी झोप त्या बुधवारी उडाली. लोकांना हे हास्यास्पद वाटेल. कुणी मेलं नव्हतं, कुणाचं घर चाललं नव्हतं. पण माझ्या बापाची रेघ त्या चौकटीवर होती, आजोबांची होती. एकदा चाकं आली की पुढच्या वर्षी खांद्यांना कोण विचारणार, आणि खांदे नसले तर मंडळ कशाला, आणि मंडळ माझ्या हातात बुडालं असं होणार. मला त्याची खरीखुरी भीती वाटत होती.  फ्लोरीनं दोनदा बीपी तपासायला लावलं.

मग मी माणसं पकडायला निघालो. रविवारी सकाळची मिस्सेची प्रार्थना संपली की फाटकाशी वही-पेन घेऊन उभा राहायचो. माणसं बाहेर येताना मला लांबून बघायची आणि फोन कानाला लावायची. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरांकडे मी आयुष्यभर जसं बघत आलो, तसं सगळं देऊळ माझ्याकडे बघू लागलं. दादरला एका ओळखीच्याकडे गेलो तर त्यानं दाराची साखळीच काढली नाही, फटीतून बोलला, "अंकल, इच्छा खूप आहे, पण वीकेंडला शिफ्ट असते." गुड फ्रायडे शुक्रवारी असतो, वीकेंडला नाही, हे मला जिना उतरल्यावर सुचलं. दुसऱ्याच्या बायकोनं सरबत दिलं, मुलांचे फोटो दाखवले, नवरा आत आहे म्हणाली, आणि नवरा काही बाहेर आला नाही. उन्हात दारोदार फिरून माझी मान काळवंडली. रात्री डोळे मिटले की खांदेच दिसायचे. रस्त्यात, बँकेत, भाजीवाल्यापाशी मी माणसाचं तोंड बघायच्या आधी खांदा बघायला लागलो.

तरी तिघं मिळाले. पहिल्या शुक्रवारी तिघंही आले. मी त्यांना बसवलं आणि पाऊण तास बोललो. केप धोब्याकडे द्यायची नाही, दांड्याला तेल कुठलं लावायचं, पाऊल डावं आधी, मोबाईल बंद, तीन शुक्रवार चुकले की नाव कमी. दुसऱ्या शुक्रवारी दोघं आले. तिसऱ्याला एक. घरी येऊन मी आजकालच्या पिढीला नावं ठेवली तेव्हा फ्लोरी खलबत्त्यात हळकुंडं फोडत होती. ती न थांबता म्हणाली, "तू माणसं बोलावतोस की पोलीस भरती करतोस?"

जो एक उरला तो रायन, चोवीस वर्षांचा, जिममध्ये पोरांना व्यायाम शिकवणारा. त्याला त्याच्या आईनं ढकललं होतं. चौकटीला उभा केला तर त्याचा खांदा सगळ्या रेघांच्या वर गेला, माझी पट्टी पोचेना. मी म्हटलं, "तुझा जोडीदार कुठून आणू रे?" तो म्हणाला, "अंकल, मी गुडघे वाकवून चालतो ना, माझा पायाचा व्यायाम होईल." मला हसू आलं नाही. तेव्हा मला कशाचंच हसू येत नव्हतं.

आणि या सगळ्या धावपळीत डोमू येत नव्हता. राखेच्या बुधवारी नाही, पहिल्या शुक्रवारी नाही, दुसऱ्या नाही. मी फोन केला तर लुसीनं, त्याच्या बायकोनं, घेतला आणि सांगितलं की जरा बरं नाही. मी चौकशी करायची सोडून विचारलं, "गुड फ्रायडेपर्यंत होईल ना बरा?" ती म्हणाली, "बघू." मला वाटलं, हा रुसलाय. नाताळच्या कार्यक्रमात मी त्याला उशिरा आला म्हणून बोललो होतो, त्याचा राग असेल. मग मीही अडून बसलो. मी नवीन माणसांच्या पायऱ्या झिजवतोय आणि हा बत्तीस वर्षांचा माणूस मला खेळवतोय. लालबाग इथून टॅक्सीनं अर्ध्या तासावर. अनोळखी लोकांची अठरा दारं मी ठोठावली, पण त्याचं नाही. तिसरा शुक्रवार चुकला तेव्हा नियमाप्रमाणे त्याला छापील चिठ्ठी धाडली. 'प्रिय बंधू, आपण सलग तीन बैठकांना गैरहजर आहात. पुढच्या बैठकीला न आल्यास नाव कमी होईल.' खाली माझी सही.

त्यानंतरचा, चौथा शुक्रवार. तो आठवला की आजही माझे कान तापतात.

क्रूसाची वाट झाली की आम्ही बाजूच्या हॉलमध्ये बसतो आणि चिटणीस दोन याद्या वाचतो. पहिली जिवंत सभासदांची, ज्याचं नाव तो 'हजर' म्हणतो. दुसरी गेलेल्यांची, तिथं प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणतात, 'देवा, त्याला विसावा दे.' पंखा फिरत होता, दाराबाहेरून मिरचीचा वास येत होता, सगळे घामेजलेले, भुकेले. मी वाचत होतो. हजर, हजर, हजर. मग डोमूचं नाव आलं. मी वाचलं आणि थांबलो. कुणी उत्तर देणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी मी दुसऱ्यांदा वाचलं, जरा मोठ्यानं. मनात त्याला खडसावतच होतो. हॉलमध्ये शांतता. आणि त्या शांततेत सेबॅस्टियन अंकल, ज्यांना ऐकू कमी येतं आणि जे प्रार्थना सांगतात म्हणून माझ्या शिस्तीतून वाचले होते, त्यांना वाटलं की दुसरी यादी सुरू झाली. ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "देवा, त्याला विसावा दे." आणि सवयीनं सगळे म्हणाले. सगळा हॉल. मीही म्हणालो. विसावा या शब्दापर्यंत माझे ओठ गेले आणि मग मला कळलं की आपण काय बोलतोय.

रायन हसला. तो मुद्दाम हसला नाही, घाबरून हसला असेल. बाकीचे माझ्याकडे बघू लागले. मी पान उलटलं आणि पुढचं नाव वाचलं.  आपल्या जोडीदाराला जिवंतपणी विसावा देऊन मी यादी पुढे वाचली.

अशी बातमी लपून राहते होय कुठे. रायननं आईला सांगितलं, आईनं दादरच्या बाजारात लुसीला. चांगल्या मनानंच सांगितलं असणार, हसत हसत. दोन दिवसांनी लुसीचा फोन आला. तिनं मला एकच वाक्य ऐकवलं, "विन्सेंट, तो जेवत नाहीये," आणि फोन ठेवला.

मी तरीही गेलो नाही. काय तोंड दाखवणार होतो? गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा लागला, झावळ्यांचा रविवार झाला, डोमू सोडून आणि रायन धरून आमचा आकडा सातवर अडकलेला. फ्लोरीनं बुधवारी सकाळी भाजलेल्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस, सगळं दोन पिशव्यांत भरलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. "लालबागला डंखावर जाऊन कुटून आण." दरवर्षी ती स्वतः जाते, तिथं उभं राहून एकेक घाणा नजरेखालून घालते, डंखवाल्यावर तिचा काडीचा भरवसा नाही. मी म्हटलं, "तू नाही येत?" ती म्हणाली, "माझे पाय दुखतात. तिथं दोन-तीन तास मोडतात, कुठंतरी बसून घे." कुठं ते तिनं सांगितलं नाही.

मिरची गल्लीत डंखाची लोखंडी मुसळं धाड धाड कुटत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं होतं असं म्हणायला तिथं बरं पडतं. नंबर लागायला वेळ होता. समोर डोमूची बिल्डिंग, जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली. मी लिफ्टनं गेलो नाही. जिन्यानं गेलो, दर मजल्यावर थांबत, परत फिरता येईल अशा बेतानं.

लुसीनं दार उघडलं. ती मला बघून बाजूला झाली, ये म्हणाली नाही. आत डोमू पलंगाच्या कडेला बसला होता. शर्टाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबकळत. लुसी त्याच्याजवळ गेली, त्याचा डावा हात लहान मुलाचा धरावा तसा धरला, हळूच बाहीत घातला आणि बटणं लावायला लागली. त्याचा चेहरा दुखण्यानं आवळला. मी उभाच होतो.

"सप्टेंबरपासून," लुसी म्हणाली. "हात छातीच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, राहील असाच."

"मला सांगितलं नाहीस," मी डोमूला म्हणालो.

"काय सांगू?" तो खिडकीकडे बघत बोलला. "तू अँटनला काय म्हणालास ते मी ऐकलं होतं. शेजारीच होतो मी."

खालून डंखाचा आवाज येत होता. डोमू आयुष्यात जेवढं सलग बोलला नसेल तेवढं त्या दुपारी बोलला. तो म्हणाला, रोज सकाळी उठून बघतो, आज जातोय का वर. वाटलं, उपासापर्यंत जाईल, कुणाला कळायच्या आत येईन. खांदा गेला म्हणून सांगितलं असतं तर तू मला पण माळ जपायला बसवलं असतंस. म्हणून आलोच नाही. मग तुझी चिठ्ठी आली. मग तुम्ही माझी प्रार्थना करून टाकलीत.

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द मला सहज येत नाही. "अँटन अंकलच्या वेळी चुकलो, तुझ्या वेळी चुकलो. मी यायला हवं होतं."

"आज कशाला आलास? मला बघायला, की आठवा मोजायला?"

खोटं बोलता आलं असतं. "मसाला कुटायला आलो," मी म्हणालो. "जिना चढताना मोजत होतो. आता नाही मोजत."

लुसीनं चहा ठेवला. आम्ही तो प्यायलो. डोमूनं कप उजव्या हातात धरला होता आणि डावा मांडीवर ठेवला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी म्हटलं, "शुक्रवारी ये." तो म्हणाला, "येऊन करू काय?" मी कप खाली ठेवला आणि उठलो. लिफ्टपर्यंत पोचवायला तो आला नाही. बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

घरी येताना टॅक्सीत दोन पिशव्या मांडीवर, अंगभर मसाल्याचा धुरळा, आणि डोक्यात त्याचं ते एक वाक्य. येऊन करू काय. मग मला बाकीचे आठवायला लागले. माझ्या वहीत शेवटच्या पानांवर नावं आहेत, लाल पेन्सिलीनं काट मारलेली. कुणाचा गुडघा गेला, कुणाला दम लागतो, कुणाची बायको अंथरुणाला खिळली म्हणून तीन शुक्रवार चुकले. मी सगळ्या मुंबईत खांदे शोधत हिंडलो आणि माणसं माझ्याच वहीत काट मारून ठेवलेली होती.

गुरुवारी सकाळी मी फादरांकडे गेलो. त्यांनी काही विचारायच्या आत म्हटलं, "फादर, गाडी काढा."

ते बघतच राहिले. "सात आहेत ना? एक मी कुठूनही..."

"नको. गाडी काढा. चाकांना तेल घालावं लागेल."

घरी येऊन मी काट मारलेल्या अकरा जणांना फोन केले. आधी अँटन अंकलना. प्रत्येकाला तेच सांगितलं. मी विन्सेंट, माझं चुकलं, उद्या मिरवणुकीला या, उचलायचं काही नाही, फक्त चालायचं, चालवत नसेल तर खुर्चीत बसून या. दोघांनी फोन ठेवून दिला. एक म्हणाला, "बघतो," आणि त्याच्या मागून त्याची बायको म्हणाली, "कोण आहे?"  अँटन अंकल म्हणाले, "माझी केप आहे का रे अजून?" मी म्हटलं, "आहे. मी धुऊन ठेवतो." शेवटी मी लालबागचा नंबर फिरवला. कुणी उचलला नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा नाही.

फ्लोरी मसाला बाटल्यांत भरत होती, एका चमच्याच्या दांडीनं ठासून. तिनं सगळे फोन ऐकले होते.  तिनं अंकलची केप माझ्या हातातून घेतली आणि स्वतः धुवायला टाकली.

गुड फ्रायडेला दुपारी नुसती पेज. तीनची प्रार्थना. त्या दिवशी देवळाची घंटा वाजत नाही, लाकडी खटखटं वाजवतात. पालखी आम्ही गाडीवर ठेवली. ठेवताना माझी बाजू कलली, रायननं धरली म्हणून निभावलं. मूर्तीवर पांढरी फुलं. मग मागचं दार उघडलं आणि मी बाहेर बघितलं.

सहा आले होते. अँटन अंकल चाकाच्या खुर्चीत, सून मागे. एक काठीवर. एक जण नाकात ऑक्सिजनची नळी लावून, बरोबर मुलगी. सगळ्यांच्या खांद्यावर लाल केप, काहींच्या इतकी वर्षं घडीत पडून राहिलेल्या की रेषा दिसत होत्या. डोमू नव्हता. मी फाटकापर्यंत जाऊन बघून आलो. नव्हता.

मिरवणूक निघाली. चाकाला तेल घालूनही ते कुरकुरत होतं. गल्लीतल्या खिडक्यांतून लोक बघत होते, हिंदू घरांतलेही, दरवर्षी बघतात तसे, आणि मला प्रत्येक नजर त्या चाकांवर जाताना दिसत होती. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "यंदा गाडीवर?" ते मला ऐकू आलं. जणू माझ्या बापाच्या, आजोबांच्या समोरून मी गाडी ढकलत चाललो होतो. लाज वाटत होती, हे मी लपवत नाही. मागून काठीचा आवाज येत होता, सेबॅस्टियन अंकल गाणं एका ओळीनं मागे म्हणत होते, आणि लाज वाटत असतानाच आत कुठंतरी बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी काँक्रीटचं काम चालू होतं. अर्धा रस्ता खणलेला, चरावर लोखंडी पत्रा टाकलेला. गाडीचं पुढचं चाक पत्र्याच्या कडेला अडलं. खांद्यावर असती तर पालखी सहज पार झाली असती, हे माझ्या मनात आलंच. मी आणि रायन ढकलत होतो, चाक कडेवर चढून परत घसरत होतं. मूर्ती हलली. फुलं घरंगळून खाली पडली. मागची मंडळी थांबली, गाणं थांबलं, दोन्हीकडचे स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले. फादर माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा जोर लावला. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला आणि मला समोरचं काही दिसेना.

तेवढ्यात माझ्या हाताशेजारी दांडीवर एक हात आला. उजवा. त्या हाताची नखं मला पाठ होती, शाईनं कायमची काळी झालेली. मी वर बघितलं नाही. डाव्या बाजूला झग्याची बाही रिकामी असल्यासारखी लोंबत होती, आणि थोडं मागे लुसी, धापा टाकत, हातात चपला घेऊन उभी.

"टॅक्सी मिळेना," डोमू म्हणाला. "सरक जरा. मला जागा दे."

मी सरकलो.